अर्ध्या कपाळाचा घाम

रोवणीचे दिवस आले की मी लोकांच्या कपाळाकडे बघायला लागते. सवय काही बरी नव्हे. समोरचा माणूस धानाचं सांगत असतो, लेकीच्या बारावीचं सांगत असतो, आणि माझी नजर त्याच्या भुवयांवरून केसांच्या कडेपर्यंत फिरून येते. घाम दोन्ही बाजूंना सारखा आलाय का, एवढंच मला पाहायचं असतं. आला असला की मी निमूट त्याच्या बोलण्यात परत येते.

यंदाही तेच चाललंय. भंडाऱ्याच्या कॉलेजातलं शनिवारचं प्रॅक्टिकल आटपून मी आमच्या गावाच्या, दिघोरीच्या गाडीत बसले तेव्हा उघाड पडली होती. आमच्याकडची पावसाळ्यातली उघाड म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारी. पाऊस झोडपून थांबतो, ऊन पडतं, बांध्यांमधलं, भाताच्या खाचरांतलं पाणी तापतं, आणि त्या पाण्यात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, रोवणाऱ्या बायांना वरून ऊन आणि खालून वाफ लागते. खिडकीतून वाकलेल्या पाठींच्या ओळी मागे जात होत्या. कुणीतरी धुऱ्याच्या बांधावरून पऱ्ह्यांची पेंडी फेकली, ती चिखलात धप्पकन बसली, आणि तो आवाज गाडीच्या घरघरीतूनही मला ऐकू आल्यासारखा वाटला. खरं तर तो माझ्या डोक्यातच होता. शेजारी बसलेली बाई पदराने कपाळ पुसत होती. मी पाहिलं. दोन्हीकडे होता.

घामाकडे कुणी कौतुकाने पाहत नाही. पण कपाळावर तो यायचा म्हणजे निरोपाला केवढा वळसा पडतो! मेंदूतून निघायचं, पाठीच्या कण्यातून छातीपर्यंत खाली उतरायचं, तिथून बाहेर पडून उलट मानेत चढायचं, मानेतल्या मज्जापेशींच्या एका पुंजक्यात थांबायचं आणि तिथून रक्तवाहिनीच्या अंगाअंगाने चेहऱ्याकडे जायचं. सरकारी कागदसुद्धा इतकी टेबलं फिरत नसेल. या पेशींना मराठीत अनुकंपी म्हणतात. आमच्याकडे अनुकंपा म्हटलं की लोकांना आधी बापाच्या जागेवर लागलेली नोकरी आठवते, पण मला तो शब्द आवडतो. आपल्याला न विचारता छाती धडधडवणं, अंगावर काटा आणणं, अंधारात डोळ्याची बाहुली मोठी करणं, उन्हातून आल्यावर गाल लाल करणं, ही सगळी त्यांचीच कामं. आपण आपल्याच तंद्रीत असताना आपली काळजी वाहणारं कुणीतरी आत बसलेलं असतं.

या पेशी मुळात तयार कशा होतात, यावर मी पुण्यात पीएचडी केली. म्हणजे प्रत्यक्षात बरीच वर्षं कोंबडीची अंडी उबवली. उबवणीपेटीतून अंडं काढायचं, कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, आत पाहायचं, पुन्हा चिकटपट्टी लावून ठेवून द्यायचं. लालसर धाग्यांच्या जाळ्यात एक ठिपका उडत असतो, ते काळीज. त्याहून सुंदर काही मी आजवर पाहिलेलं नाही. बाबांनी मात्र गावात माझी ओळख फारच सोपी करून टाकली होती. "माही मोठी पोरगी अंड्याले खिडकी पाडते. आतमंदी पिल्लू कसं बनून राहिलं ते पायते." त्यामुळे सुट्टीत घरी आले की कुणाची तरी कोंबडी खुडूक बसत नाही किंवा कुणाच्या पिल्लांना मर लागलीय, म्हणून माणसं दारात उभी. अंड्यावाल्या डॉक्टरीणबाईंना कोंबड्यांचं औषध माहीत नाही, यावर गावाचा विश्वास बसायला फार वेळ लागला.

मला आठवतो तो पावसाळा माझी पीएचडी संपून भंडाऱ्याची नोकरी नुकती लागली होती तेव्हाचा. माझी धाकटी बहीण सुषमा तिच्या लेकीला घेऊन माहेरी आली होती. लेकीचं नाव सांची. जेमतेम बसायला लागलेली, मांडीवर घेतली की पोळ्यातल्या मातीच्या बैलासारखी एका बाजूला कलंडणारी. सुषमाचे यजमान विलासजी तिकडे तुमसरच्या अंगाला, चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत. वडील गेल्यावर त्यांच्या जागेवर लागलेले, म्हणजे खरेखुरे अनुकंपावाले. खाणीच्या कॉलनीत उन्हाळाभर पत्रा तापतो, म्हणून रोवणी होईतो लेकरू इकडेच राहू द्या, असं ठरलं होतं.

त्या दुपारी धुऱ्यावरच्या मोहाच्या फांदीला मायने लुगड्याची झोळी बांधली होती. बाया खालच्या बांधीत ओळ धरून मागे मागे सरकत होत्या, मी काठावर पेंड्या मोकळ्या करत होते. पऱ्ह्यांच्या मुळांना ओल्या मातीचा एक गारसर वास असतो. उपटलेल्या गोष्टीचा आणि रुजायला निघालेल्या गोष्टीचा, दोन्हींचा मिळून एक. उघाड होती, मोहाची सावली सरकली आणि सांचीच्या तोंडावर ऊन आलं. ती रडायला लागली. रोवणीच्या टोळीतली कौसल्याबाई पाणी प्यायला वर आली होती, तिने झोळीत डोकावून पाहिलं.

"अव बाई, पाय तं! पोट्टीचं तोंड अर्धंच लाल झालं!"

"त्या कुशीवर झोपली असन," माय बांधीतूनच म्हणाली. "दाबल्या गेलं असन."

मी हात धुतले आणि झोळीशी गेले. सांची जीव खाऊन रडत होती. डावा गाल तांबडालाल, कपाळाच्या डाव्या बाजूला घामाचे बारीक मणी. उजवी बाजू फिकी आणि कोरडी. कपाळाच्या मधोमध, नाकावरून हनुवटीपर्यंत दोरी धरून आखावी तशी सरळ रेघ. तिची उजवी पापणी किंचित खाली होती. तिने रडता रडता डोळे उघडले तेव्हा उजवी बाहुली डावीपेक्षा बारीक दिसली. आम्ही सगळे ते कित्येक दिवस पाहत होतो आणि म्हणत होतो, झोपाळू डोळ्यांची आहे.

मला तिथेच कळलं. उजव्या बाजूचा निरोप वाटेत कुठेतरी अडला होता, मानेत किंवा छातीच्या वरच्या टोकाशी, आणि इतक्या लहान बाळात तिथे काय असू शकतं हे मला पाठ होतं. मी दोन बोटं तिच्या उजव्या गळपट्टीच्या हाडावर ठेवली. वाटाण्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. मी घाबरले. इतकी घाबरले की माझी छाती मला ऐकू यायला लागली, आणि त्याही क्षणी डोक्याच्या कुठल्याशा कोपऱ्यात विचार आला की बघ, तुझ्या पेशी कशा चोख काम करून राहिल्या. शिकलेल्या माणसाचं डोकं कधीकधी फार निलाजरं असतं.

"सुषमा, उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"काहून? गर्मीनं झालं असन ना, ताई."

"गर्मीनंच. तरी दाखवून येऊ."

तिने माझ्याकडे पाहिलं. बहिणी आहोत. तिने सांचीला झोळीतून काढून छातीशी घेतलं आणि धुऱ्यावरून घराकडे चालायला लागली. बायांनी पुन्हा ओळ धरली. त्या दिवशी ती बांधी पूर्ण झाली, कारण एकदा चिखलणी झालेली बांधी अर्धी सोडून जाता येत नाही.

पुढे नागपूर. यंत्रं, सुया, बाळाची लघवी धरायला चिकटवलेली चिमुकली पिशवी, ती दर वेळी सुटणारी. गाठ होतीच. मानेच्या बुडाशी होती, थोडी छातीत उतरलेली. तिचा बारीकसा तुकडा तपासून झाल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हांला समोर बसवलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ते सुषमाने तिथेच सोडून दिलं आणि आजतागायत उचललेलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या की गाठीतल्या पेशी त्यातल्या त्यात बऱ्या जातीच्या आहेत. इतक्या लहान बाळात अशी गाठ कधीकधी आपणहून विरते, किंवा तिच्यातल्या पेशी मोठ्या होऊन शांत बसतात. आत्ता कापायला गेलं तर ती जिथे आहे तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दुखावतील. तेव्हा थांबून पाहू. ठरलेल्या तारखांना फोटो काढू, लघवी तपासू. वाढली तर लगेच हात घालू. आणि हो, घरी कुणी ती दाबून पाहायची नाही.

मी मान डोलावली. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असण्याचा काडीचाही उपयोग होत नाही, हे मात्र तोवर माहीत नव्हतं.

ती गाठ नेमकी काय होती, ते आज मी शांतपणे लिहू शकते. गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असताना त्याच्या पाठीवर एक नळी मिटते, पुढे तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो. नळी मिटताना तिच्या शिवणीवरून काही पेशी सुटतात आणि चालू लागतात. कुणी कातडीत जाऊन रंग धरतात, कुणी जबड्याच्या हाडात जातात. काही खाली उतरत महाधमनीच्या कडेला पोचतात. महाधमनीच्या अंगातून त्यांना एक रासायनिक निरोप मिळतो, आणि तो मिळाला की पेशीच्या आत काही प्रथिनं जागी होतात. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात त्यांना. डीएनएचा सगळा ग्रंथ प्रत्येक पेशीजवळ असतोच. त्यातलं कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, हे ही मंडळी ठरवतात. आधी अ‍ॅस्कलवन आणि फॉक्सटूबी उठतात. ते हँडटू आणि गाटाथ्रीला उठवतात. मग एकमेकांना धरून सगळे त्या भटक्या पेशीला वळण लावतात: आता वाढणं पुरे, आता हात लांब कर, आता हे रसायन बनवायला शीक. यात उठण्याइतकंच वेळेवर बसणंही महत्त्वाचं. अ‍ॅस्कलवनसारखा उठवणारा आपलं काम झाल्यावर मागे सरला नाही, तर पेशी पुढच्या इयत्तेत जातच नाही. सांचीच्या मानेत काही पेशी अशाच वाटेत राहून गेल्या होत्या. कोवळ्याच राहिल्या, आणि कोवळ्या पेशीला एकच गोष्ट चांगली जमते, एकीच्या दोन होणं.

मी तेव्हा या सगळ्याला पऱ्ह्यांची उपमा द्यायला बघत होते. शेतात बसून दुसरं काय सुचणार! पण ती जमत नाही. पऱ्हे सगळे सारखेच दिसतात, तरी हलक्या धानाचा पऱ्हा कुठेही रोवा, हलकं धानच होतं, दिवाळीच्या आधी कापायला येतं. तिथे बियाणंच सगळं ठरवून आलेलं असतं. या पेशींचं उलट असतं. बियाणं एकच, आणि पोचली कुठे, कुणाशेजारी पोचली, यावर ती कोण होणार ते ठरतं.

घरी आल्यावर बाबांनी एकच विचारलं, "थांबा म्हणलं ना डॉक्टरनं? मंग थांबू." माय संध्याकाळी विहारात वर्षावासाच्या वाचनाला जात होती, ती जात राहिली. भिक्खूंनी पावसाळ्यात फिरू नये, एका जागी राहावं, कारण चालताना कोवळं पीक आणि बारीकसारीक जीव पायाखाली येतात, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. एकदा सुषमा रडायला लागली तेव्हा माय तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भंतेजी तीन महिने एका जागी बसतेत, अन् आपून नाई बसू शकत का, व माय?" सुषमा रडता रडता हसली. "त्यायले लेकरू नाई ना," ती म्हणाली. मायलाही हसू आलं.

विलासजींना मात्र थांबणं मंजूर नव्हतं. सुषमा आणि सांची इकडेच राहिल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी ते मोटरसायकलवर यायचे, ओट्यावर बसून हात धुवायचे. कितीही धुतले तरी मॅंगनीजची काळी कड नखांना राहायचीच. मग सांचीला मांडीवर घ्यायचे, आणि दोन बोटं तिच्या मानेवर, हाडाच्या वर, नेमक्या जागी. डोळे मिटून. मग सुषमाकडे बघून म्हणायचे, "तेवढीच वाटते," किंवा, "मोठी झाली का व?" आम्ही सांगितलं, डॉक्टरांनी दाबू नका म्हटलंय. ते हो म्हणायचे, आणि बोटं पुन्हा तिथेच. सांची मोठी होत होती, माणसं ओळखायला लागली होती. आजोबांना पाहून ती हात पसरायची, आजीला पाहून पाय झाडायची. आणि बापाला पाहिलं की हनुवटी वर करायची. मान मोकळी करून द्यायची. ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी उठून आत गेले आणि उगाच चूल फुंकत बसले.

एका रविवारी ते मला धुऱ्यावर गाठायला आले. रोवणी संपून थोडे दिवस झाले होते. नव्याने रोवलेली बांधी तेव्हा बघवत नाही. पऱ्हे पिवळे पडतात, आडवे होतात, ज्याला माहीत नाही तो म्हणेल, गेलं सगळं. विलासजी पाण्याकडे बघत उभे राहिले.

"ताई, मी तिले मुंबईले घेऊन जातो म्हणतो. काढून टाकन कोणी ना कोणी."

"इथल्या डॉक्टरांनी थांबा म्हटलंय ना?"

"तुमच्या समद्यायचं शेतीवालं डोकं होय," ते म्हणाले. "पेरलं, रोवलं, आता पाहात बसा. आमच्या खाणीत असं नाई होत. पाळी सुरू झाली का आधी लोखंडी सब्बल घेऊन छत वाजवाचं. चांगला दगड ठण् वाजते. ढिला असला तं भद्द वाजते. भद्द वाजला का तवाच पाडाचा, मंग त्याच्या खाली जाचं. डोक्यावर ढिला दगड ठेवून, उद्या पाहू, असं म्हणणारा माणूस घरी वापस नाई येत."

मला एकदम त्यांची बोटं समजली. ते छत वाजवत होते. येताना एकदा, जाताना एकदा.

मी खाली बसले आणि धुऱ्याच्या ओल्या मातीत काडीने नळी काढली, महाधमनी काढली, चालत निघालेल्या पेशींचे ठिपके काढले. कुणाला कुठे काय निरोप मिळतो, आत कोण कुणाला उठवतं, ते सांगितलं. ते उकिडवे बसून ऐकत होते. मधे एकदा म्हणाले, "हे समदं तुमच्या अंड्यात दिसते?" मी म्हटलं, दिसतं. मग बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "मंग त्या मांगं राहिलेल्या पेशीयले आता कोणी शिकवून राहिलं का? का तशाच सोडल्या?"

"शिकवणारे आतच आहेत, विलासजी. उशिरा का होईना, ते उठू शकतात. या वयात उठतात, असं पुष्कळदा दिसतं."

"अन् नाई उठले तं?"

"तर मग सब्बल," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही. "पण आत्ता ती पाडायला गेलं तर शेजारचं सगळं खाली येईल. जागाच तशी आहे."

कुठून तरी बगळा आला, पिवळ्या पऱ्ह्यांतून पाय उचलत गेला.

"आमच्या खाणीतल्या जुन्या गॅलरीत, बोगद्यात, एक जागा हाय," थोड्या वेळाने ते म्हणाले, जरा हळू. "छताले फट हाय तिथं. पाडतो म्हणलं तं जायाचा रस्ताच बसन. म्हणून नाई पाडली. खाली टेकू देल्ले, अन् फटीत लाकडाची एक खुटी ठोकून ठेवली. दर पाळीले लाईट मारून पायतेत. खुटी घट्ट, तं फट तेवढीच. खुटी खाली पडली, तं समजाचं फट वाढली, अन् पळाचं."

"आणि खुटी हातानं हलवून बघत नाहीत?"

"हात लावला तं खुटीच ढिली होते ना, ताई," ते म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. त्यांनी आपली दोन बोटं पाहिली. नंतर ती पँटला पुसली, जशी काही त्यांना माती लागली होती.

त्या दिवशी घरी आल्यावर सांचीने त्यांना पाहून हनुवटी वर केली. त्यांचा हात उठला, मधेच थांबला. मग त्यांनी वाकून तिच्या मानेवर नुसती फुंकर मारली. ती खिदळली. त्यांनी पुन्हा मारली. पुढचे कितीतरी महिने त्यांचं हेच चाललं, आणि दर वेळी हात आवरायला त्यांना किती कष्ट पडत होते ते आम्ही सगळे पाहत होतो. नागपूरच्या तारखेला ते "चला, खुटी पाहून येऊ," म्हणायचे. मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही.

तारखेचा दिवस वाईट असायचा. फोटोच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही बसायचो. एकदा सुषमाने माझा हात धरला तेव्हा तिचा तळवा ओलाचिंब होता आणि माझाही. तळहाताचा घाम गर्मीचा नसतो, काळजीचा असतो. या घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या अनुकंपी पेशींची एक गोष्ट मला फार आवडते. त्या निघतात तेव्हा त्यांना एकच रसायन बनवता येत असतं, त्याचं नाव नॉरअ‍ॅड्रिनलिन. पण ग्रंथीशी पोचल्यावर ग्रंथी त्यांना हळूहळू बदलते. पेशी ते जुनं सोडून दुसरंच बनवायला लागते, आणि मगच घाम यायला लागतो. शिकून पूर्ण झाली असं वाटलेली पेशीसुद्धा, ज्याच्याकडे गेली त्याच्यासाठी पुन्हा शिकते. पुण्यात गेल्यावर मीही महिन्याभरात 'मले' सोडलं होतं आणि दिघोरीच्या फाट्यावर उतरलं की ते मनातल्या बोलण्यात आपोआप परत यायचं, जिभेवर मात्र नाही. बाकावर बसून मी हे असलं काहीबाही आठवत राहायचे. भीती वाटत असताना माणसाला आपली जुनी पुस्तकं आठवली तर त्यात गैर काय?

आडवे पडलेले पऱ्हे एके सकाळी उभे दिसले. कधी उठले ते कुणी पाहत नाही. पिवळ्यातून पोपटी, पोपटीतून गर्द. बांधीतलं पाणी हिरव्याखाली दिसेनासं झालं. मग धान निसवलं, लोंब्यांवर तो पांढरा फुलोरा आला, हवेत दुधासारखा वास पसरला. धान कापणीला आलं तेव्हाच्या फोटोत गाठ तेवढीच होती. तेवढीच, या शब्दाचा मला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. हिवाळ्यात ती जराशी लहान वाटली. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाटली म्हणू या, अजून झाली म्हणू नका. पुढच्या उन्हाळ्यात त्या स्वतःच झाली म्हणाल्या. सुषमाने त्या दिवशी नागपूरच्या बसस्टँडवर उभ्याने तीन प्लेट समोसे खाल्ले आणि विलासजी तिच्याकडे नुसते बघत राहिले.

आता तिथे चिंचोक्याहून लहान असं काहीतरी उरलं आहे. ते वाढत नाही, काही मागत नाही. त्या पेशी मोठ्या झाल्या, असं मी मनाशी म्हणते. आत कुणीतरी कुणाला तरी उशिरा उठवलं. कधी, कोणत्या दिवशी, आम्ही काय करत होतो तेव्हा, हे कळायला कवचाला खिडकी नव्हती. मी आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला, ते माझ्या भाचीच्या मानेत घडलं आणि मला दिसलं नाही. याचं मला वाईट वाटत नाही. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता वर्षातून एकदाच या.

फक्त चेहरा तसाच राहिला. गाठीने दाबून धरलेली ती वाट पुन्हा मोकळी झाली नाही. उजवी पापणी थोडी जड, आणि उन्हात डावा गाल लाल होतो, उजवा होत नाही.

परवा मी पोचले तेव्हा बाया खालच्या बांधीत होत्या. विलासजी रोवणीला आता दरवर्षी रजा टाकून येतात. काम यथातथाच, पऱ्हे वाकडे रोवतात, बाया त्यांच्यावर हसतात. "जवाईबुवा, ही खाण नोहे, इतलं खोल कायले खुपसता?" सांची यंदा पहिलीत गेली. ती घरून पाण्याची बाटली घेऊन धुऱ्यावरून पळत आली, मोहाच्या झाडाशी थांबली, धापा टाकत. टोळीत एक नवी सून होती. तिने पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अव, ह्या पोरीचं तोंड पाहा तं! अर्धंच लाल!"

कौसल्याबाईने तिला कोपराने ढोसलं. पण सांचीला काही वाटलं नाही. तिने बाटली खाली ठेवली आणि उजव्या गालावर बोट ठेवून सांगितलं, "हे बाजू सावलीत राह्यते."

विलासजी बांधीतून वर आले. चिखलाचे हात त्यांनी नालीत धुतले, खांद्यावरचा दुपट्टा काढला. ते समोर बसताच सांचीने हनुवटी वर केली. का करते ते तिला माहीत नाही. तिला आठवायचं काही कारण नाही. त्यांनी आधी डाव्या बाजूचा घाम पुसला, कपाळ, गाल, कानामागे. मग उजव्या बाजूला आले आणि तिथेही तसंच पुसायला लागले, कपाळ, गाल, कानामागे.

"बाबा, इकडं तं घामच नाई," ती म्हणाली.

"असू दे," ते म्हणाले.

मी बघत होते. दुपट्टा कोरड्या गालावरून खाली उतरला, हनुवटीखालून उजव्या मानेवर आला, गळपट्टीच्या हाडावरून गेला. थांबला नाही. पुढे जाऊन त्यांनी तिच्या फ्रॉकची दुमडलेली कॉलर सरळ केली, बाटली उचलली आणि स्वतः घटाघटा पाणी प्यायले.